मटणाची लाईन, बटाट्याचा भुंगेरा : वाचक विचारतात

मागच्या अंकात प्रागबद्दल लिहिताना मी ओघात एक ओळ टाकली होती, की तिथे नदीकाठच्या टेकडीवर सरकारने स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभा केला आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'मटणाची लाईन'. बस्स, एवढंच. पण त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि मेल आले तेवढे माझ्या आख्ख्या लेखावर आले नाहीत (हे कौतुक समजायचं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही). म्हणून या वेळच्या सदरात फक्त तोच विषय घेतोय. देश चेकोस्लोव्हाकिया, काळ १९४८ ते साधारण १९६२, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीची सुरुवातीची वर्षं, आणि सरकार भोंग्यावरून काय सांगत होतं नि लोक खालच्या आवाजात काय बोलत होते ते. पत्रं थोडी छाटलीत, रागावू नका.

प्रश्न : स्टालिनच्या पुतळ्याचा आणि मटणाचा काय संबंध? आणि पुतळा तर एका माणसाचा असतो, लाईन कुठून आली? (एक वाचक, पुणे)

पुतळा एकट्याचा नव्हता, तीच तर गंमत. सगळ्यात पुढे ओव्हरकोट घातलेला स्टालिन, आणि त्याच्या मागे दोन्ही अंगांना माणसांच्या रांगा, एका बाजूला सोव्हिएत माणसं, दुसऱ्या बाजूला चेकोस्लोव्हाक, कामगार, शेतकरी, सैनिक असे सगळे, एकामागे एक अगदी खेटून उभे. उंची १५ मीटरच्या वर, लांबी २२ मीटर, वजन १७,००० टन. आता हे सगळं लेतना नावाच्या टेकडीवर, खाली व्ल्तावा नदी, आणि पलीकडच्या गावातून मान वर करून बघितलं की दिसायचं काय, तर पुढे एक दांडगा माणूस आणि त्याच्या मागे चिकटून उभी राहिलेली पब्लिक. ज्या गावात दर आठवड्याला बायका पिशव्या घेऊन खाटकाच्या दुकानासमोर ताटकळत होत्या त्या गावाला यात दुसरं काय दिसणार होतं.

आणि यात एक शब्दाची खोच आहे जी भाषांतरात निसटते. चेक भाषेत रांगेला 'फ्रोंता' म्हणतात. आणि त्या वेळी सगळे पक्ष एकत्र बांधून सरकारने जी आघाडी केली होती तिचं नाव होतं 'नारोदनी फ्रोंता', म्हणजे राष्ट्रीय आघाडी. म्हणजे आघाडीला आणि लाईनीला शब्द एकच! तेव्हा 'फ्रोंता ना मासो' असं कुणी म्हटलं की मटणाची रांगही झाली आणि वर मटण-आघाडीही झाली. पकडणार कुणाला, नाव कुणी ठेवलं हेच कुणाला माहीत नाही, आणि पोलिसाची बायकोही त्याच लाईनीत उभी.

शिल्पकार ओताकार श्वेत्स याची कथा मात्र हसण्यासारखी नाही. स्पर्धा १९४९ची, त्याची रचना निवडली गेली, मग पुढची पाचसहा वर्षं समित्यांनी त्याला पिळून काढलं, आणि अनावरणाच्या काही आठवडे आधी त्याने जीव दिला. १ मे १९५५ला पडदा उघडला तेव्हा स्टालिन जाऊन २ वर्षं झाली होती, करणारा शिल्पकारही नव्हता, आणि पुढच्याच फेब्रुवारीत मॉस्कोत नवा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टालिनची पापं बाहेर काढली. म्हणजे जगातली सगळ्यात अवघड वेळ साधली या लोकांनी. शेवटी नोव्हेंबर १९६२मध्ये सुरुंग लावून तो उडवला आणि त्याचे फोटो काढायलाही बंदी होती. उभा करताना बघा बघा आणि पाडताना कुणी बघू नका.

प्रश्न : आम्ही सातगाव पठारावर बटाटा घेतो. पोराने मोबाईलवर दाखवलं की त्या देशात अमेरिकेने विमानातून बटाट्यावर किडे टाकले असं सरकार सांगत होतं. हे खरं आहे का? (एक शेतकरी, ता. आंबेगाव)

सरकार सांगत होतं हे शंभर टक्के खरं. किडे टाकले हे खोटं.

किडा म्हणजे कोलोरॅडो भुंगेरा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, दिसायला छान आहे हो, पण मादी शेकडो अंडी घालते आणि अळ्या निघाल्या की बटाट्याच्या झाडाला नुसत्या काड्या राहतात. तुम्ही तो पाहिला नसणार कारण सुदैवाने तो भारतात आलेला नाही. मूळचा अमेरिकेचाच, इथवर सरकारचं बरोबर. पण तो पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला शिरला आणि तिथून वर्षाला थोडा थोडा सरकत पूर्वेकडे आला, त्याला कुणी तिकीट काढून दिलं नव्हतं. १९५०च्या उन्हाळ्यात मात्र पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनी जाहीर करून टाकलं की हे पश्चिमेकडून मुद्दाम सोडलेलं हत्यार आहे. त्याचं नावच पडलं 'अमेरिकन भुंगेरा'. पोस्टरं लागली, तिथल्या एका लाडक्या बालसाहित्यिकाने, जो तोवर मुंगीच्या गोष्टी लिहायचा, त्याने या दुष्ट भुंगेऱ्यावर पोरांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं.

आणि मग शाळेतल्या पोरांना शेतात काढलं. एकेका सरीत एकेक पोर, हातात रॉकेल घातलेली बाटली, वाकून पान उलटायचं, भुंगेरा दिसला की बाटलीत. आता विचार करा, ज्या पोराला भुंगेरा सापडला त्याचा केवढा मान, शत्रूचा सैनिकच पकडला की! मला वाटतं प्रचार म्हणून यातलं हे सगळ्यात हुशारीचं होतं, पेपरातला अग्रलेख कोण वाचतं, पण शत्रू हातात धरून बाटलीत बुडवायला मिळाला तर तो जन्मभर लक्षात राहतो. शिवाय बटाट्याचं पीक कमी आलं तर त्याचं उत्तरही तयार.

मोठ्यांनी किती विश्वास ठेवला? सरसकट सांगता येणार नाही. पण भुंगेरा गावात काही एका रात्रीत उगवत नाही, एका वर्षी त्या बाजूच्या शिवारात, दुसऱ्या वर्षी आपल्या बांधावर, हे ज्याची जमीन आहे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, तुम्हीही हुमणी अशीच ओळखता ना. आणि विनोद असा की भुंगेरे वेचणं हे काम खरोखरच गरजेचं होतं! म्हणजे खोटं कारण सांगून खरं काम करून घेतलं. त्यामुळे विरोध तरी कशाला करायचा, सरीत उतरायचं, वाकायचं, आणि विमानाबद्दल काही बोलायचं नाही.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय. १९५३ साली तिथे नोटा बदलल्या आणि लोकांची बचत गेली असं वाचलं. नेमकं कसं केलं? आपल्याकडे झाली तशी नोटबंदीच का? (एक वाचक, नागपूर)

तुम्ही बँकवाले म्हणून जरा आकड्यातच सांगतो. यात नोटा बंद झाल्या हे खरं, पण खरी मेख बदलून देण्याच्या भावात होती.

पगार आणि किमती ५ जुन्या कोरूनाला (हे तिथलं चलन) १ नवी या हिशोबाने बदलल्या. पण रोख रकमेत माणशी फक्त पहिल्या ३०० कोरूनाला तो भाव, त्याच्या वर ५०ला १. समजा एखाद्याने गादीखाली १०,००० ठेवलेत. पहिल्या ३००चे मिळाले ६०, उरलेल्या ९,७००चे १९४, एकूण २५४. आणि बाजारात वस्तूंचे भाव ५ला १ने बदललेत, म्हणजे त्याच्या १०,०००चे खरे तर २,००० व्हायला हवे होते. बँकेतल्या छोट्या ठेवींना जरा बरा भाव दिला, पण युद्ध संपल्यावर १९४५ साली ज्या ठेवी गोठवल्या होत्या त्या चक्क रद्द. ज्यांची चार पैसे बाजूला टाकायची सवय, तेच मेले. सरकार सांगत होतं की हा भांडवलदारांवर आणि काळ्या बाजारवाल्यांवर घाव आहे, पण १९५३ साली त्या देशात भांडवलदार राहिला होता कुठे, कारखाने सगळे सरकारचे, गादीखाली पैसे होते ते फिटरचे आणि शिवणकाम करणाऱ्या बाईचे.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कुजबुज. चेक लोक तिला 'शेप्तांदा' म्हणतात, कानात सांगणे या अर्थाच्या शब्दाला प्रोपागांदाचं शेपूट जोडलंय, म्हणजे आपण 'कुजबुजगंडा' म्हटल्यासारखं. त्या मे महिन्यात आठवडाभर आधीपासून सगळीकडे तेच, नोटा बदलणार, नोटा बदलणार. लोक दुकानांवर तुटून पडले, मिळेल ते उचला, पैसा नको, वस्तू हवी. शेवटी राष्ट्राध्यक्ष अंतोनीन झापोतोत्स्की रेडिओवर आले आणि म्हणाले की आपलं चलन भक्कम आहे, या सगळ्या वर्गशत्रूच्या अफवा आहेत. दुसऱ्या दिवशी, ३० मे, शनिवार, संध्याकाळी त्याच रेडिओवरून नोटबदलीची घोषणा! नव्या नोटा सोव्हिएत युनियनमधून कधीच छापून आलेल्या. म्हणजे एका दिवसात वर्गशत्रूची अफवा खरी ठरली आणि राष्ट्राध्यक्षांचं भाषण अफवा ठरलं. यानंतर त्या देशात सरकारने एखाद्या गोष्टीचा इन्कार केला की लोक ती गोष्ट नक्की समजून पिशवी उचलायचे, तर त्यांना दोष कसा द्यायचा.

सोमवारी, १ जूनला, प्लझेन शहरात भडका उडाला. हे तेच पिल्सनर बिअरवालं गाव, आणि स्कोडाच्या मोठ्या कारखान्याचं. कारखान्याचं नाव तेव्हा बदलून लेनिनचं दिलेलं होतं. लेनिनच्या नावाच्या कारखान्यातले कामगार हत्यारं खाली ठेवून चौकात गेले, नगरपालिकेची इमारत घेतली, स्टालिन आणि चेकोस्लोव्हाक कम्युनिस्टांचा नेता गोटवाल्ड यांच्या तसबिरी आणि अर्धपुतळे खिडकीतून खाली, आणि शहरभर जे भोंगे सरकारने प्रचारासाठी लावले होते त्याच भोंग्यांवरून कामगार बोलायला लागले. संध्याकाळपर्यंत मिलिशिया (पक्षाची सशस्त्र पथकं) आणि सैन्य आणून सगळं संपवलं. ३००हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. देशभरात शंभराहून जास्त कारखान्यांत काम बंद पडलं होतं पण पेपरात काय आलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

प्लझेनचं अजून एक सांगायला हवं, म्हणजे तिथली माणसं एवढी का बिथरलेली होती ते कळेल. मे १९४५मध्ये ते गाव सोडवलं होतं अमेरिकन सैन्याने, जनरल पॅटनच्या. आख्ख्या गावाने त्यांना हार घातलेले, जीपवर चढून फोटो काढलेले. १९४८नंतर ही गोष्ट गैरसोयीची झाली, मग आधी उल्लेख गाळला, आणि मग चक्क असंही सांगायला लागले की ते अमेरिकन नव्हतेच, अमेरिकन युनिफॉर्म घातलेले सोव्हिएत सैनिक होते. म्हणजे ज्या आजीच्या ट्रंकेत जीपवरचा फोटो आहे तिच्याच नातवाला शाळेत हे शिकवायचं. आजी काय करणार, नातू घरी येऊन सांगतो ते ऐकून घेणार, ट्रंक उघडणार नाही.

प्रश्न : एवढं सगळं होऊनही लोक गप्प होते. जोक मारणं, नाव ठेवणं, मान फिरवणं याला विरोध म्हणायचं का? मला तर हा पळपुटेपणा वाटतो. (एक वाचक, डोंबिवली)

तुमच्या पत्राने मला दोन दिवस खाल्लंय. आधी दोन प्रसंग सांगतो मग बोलू.

पहिला ३० मे १९४८चा. फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता पूर्ण हातात घेतली आणि मेमध्ये निवडणूक ठेवली, पण उमेदवारांची यादी एकच, तीच ती नारोदनी फ्रोंता. मतदाराला दोन कागद मिळायचे, एक छापील यादी आणि एक कोरा पांढरा. यादी मान्य नसेल तर कोरा कागद पाकिटात घाला. ऐकायला ठीक वाटतं, पण पडद्यामागे जायची पद्धतच मोडून टाकायचा प्रयत्न झाला, सच्च्या नागरिकाला लपायचं काय कारण, सगळ्यांसमोर यादी टाका असा सूर होता, आणि टेबलाशी बसलेला माणूस बघतोय कोण पडद्यामागे जातंय. तरीही सरकारने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यात १०० पैकी जवळपास ११ कागद कोरे निघाले. घोषणा नाही, झेंडा नाही, नुसता पांढरा कागद. पण त्या पडद्यापर्यंतची चार पावलं चालून बघा.

दुसरा त्यानंतर महिन्याभराचा. तिथे सोकोल नावाची जुनी व्यायामसंघटना, १८६२ची, आपल्या तालमी-व्यायामशाळा आणि राष्ट्रीय चळवळ एकत्र केली तर जे होईल तसं काहीतरी. सोकोल म्हणजे ससाणा. त्यांचा काही वर्षांनी भरणारा महामेळा १९४८च्या उन्हाळ्यात प्रागला होता आणि ६ जुलैला शहरातून संचलन निघालं. जुने राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी नुकताच राजीनामा दिलेला, त्यांच्या जागी क्लेमेंट गोटवाल्ड, आणि ते व्यासपीठावर सलामी घ्यायला उभे. आपण १५ ऑगस्टच्या परेडला 'दाहिने देख' करायचो ना, पाहुण्यांसमोरून जाताना सगळ्या माना एकदम उजवीकडे? इथे बरोबर उलटं झालं. गल्लीबोळातून येताना बेनेश झिंदाबादचा गजर, देशाचे संस्थापक मासारिक यांचं नाव, आणि व्यासपीठ आलं की एकदम चिडीचूप, आणि माना दुसऱ्या बाजूला. तुकडीमागून तुकडी. बायकांच्या तुकड्यांनीही तेच केलं. शिस्त मोडली का? नाही, पाऊल एकाचंही चुकलं नाही. नुसतं बघितलं नाही. धरपकड त्याच दिवशी सुरू झाली आणि नंतर संघटनेतून माणसं काढली, हळूहळू सोकोलच मोडीत काढली, आणि १९५५पासून त्याच स्टेडियमवर सरकारी स्पार्टाकियाड सुरू झालं, हजारो लोकांचे एकसाथ व्यायाम, तेच पण ससाणा काढून.

आता तुमच्या शब्दाकडे येतो, पळपुटेपणा. पुढची गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती मी लपवणार नाही. १९५०मध्ये मिलाडा होराकोव्हा या वकील आणि माजी खासदार बाईंवर खटला चालला, नाझींच्या तुरुंगातून वाचून आलेल्या बाई. खटल्याचे तुकडे रेडिओवर ऐकवले आणि कारखाने, ऑफिसं, शाळा यांच्याकडून ठराव मागवले, गुन्हेगारांना कठोर शिक्षा द्या म्हणून. ६,०००हून जास्त ठराव आले. सगळे काही सैतान नव्हते, मीटिंगमध्ये कागद फिरला, बाजूच्याने सही केली, आपणही केली, घरी जाऊन जेवलो. २७ जूनला बाईंना फाशी झाली. आणि माझा अंदाज आहे, अंदाजच, की त्या ठरावांखाली सही करणाऱ्यांत दोन वर्षांपूर्वी कोरा कागद टाकणारे होते, मान फिरवणारेही होते, आणि पुढे पुतळ्याला मटणाची लाईन म्हणून हसणारेही तेच. आपल्याला आवडेल की धीट माणसं एका डब्यात आणि भेकड दुसऱ्या डब्यात असावीत. तसं नव्हतं. एकाच माणसाने सकाळी सही केली आणि रात्री खिडक्या लावून म्युनिकहून चालणारं अमेरिकन फ्री युरोप रेडिओ स्टेशन लावलं, ते ऐकू येऊ नये म्हणून सरकारने सोडलेल्या घर्रघर्र आवाजातून एखादं वाक्य लागतंय का बघत.

मग याला विरोध म्हणायचं का? मी म्हणतो, हो, पण त्याचं कौतुक करताना हात आखडता घेतो. मान फिरवली ती माणसं पकडली गेली म्हणजे सरकारला तरी तो विरोधच वाटला होता ना.

प्रश्न : माझे आजोबा गिरणी कामगार, लाल बावट्याचे. तुमच्या लेखात कम्युनिस्ट म्हणजे नुसते खलनायक. तिथल्या लोकांनी त्यांना निवडून दिलं होतं हे का सांगत नाही? (एक वाचक, परळ)

बरोबर पकडलंत, सांगायला हवं होतं. मे १९४६ची निवडणूक बऱ्यापैकी मोकळी होती आणि तीत कम्युनिस्ट पक्ष ३८ टक्के मतांनी पहिला आला. कारणं साधी आहेत. १९३८ला म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने हा देश हिटलरच्या ताटात वाढला, तेव्हा पश्चिमेवरचा विश्वास गेलेला. आणि मे १९४५मध्ये प्रागमध्ये रणगाडे आले ते लाल सेनेचे. कारखाने सरकारजमा झाले तेव्हा पुष्कळांना मनापासून आनंद झाला होता. झ्लिन गावचा बाटा त्यातलाच, हो, आपला बाटा, जो निम्म्या महाराष्ट्राला अजून भारतीय वाटतो, त्याचं मूळ गाव झ्लिन, आणि १९४९मध्ये त्या गावाचं नाव बदलून गोटवाल्डोव्ह केलं ते १९९०पर्यंत तसंच होतं.

पण आजोबांसाठी एवढंच जोडतो, की प्लझेनच्या रस्त्यावर उतरले ते कामगार होते. आजोबा तिथे असते तर कुठल्या बाजूला असते हे तुम्ही जास्त चांगलं सांगू शकाल. बाकी प्रचाराचं म्हणाल तर आमच्याही घरी 'सोव्हिएत देश' हा सोव्हिएत प्रचाराचा अंक यायचा, काय तो गुळगुळीत कागद, दर जूनमध्ये वह्यांना कव्हरं त्याचीच. आत काय छापलंय ते आमच्या घरात कुणी वाचल्याचं आठवत नाही, ट्रॅक्टरवरची हसरी बाई मात्र भूगोलाच्या वहीवर वर्षभर असायची.

प्रश्न : फोटोतून माणूस पुसल्याची गोष्ट तिथलीच ना? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

तिथलीच. २१ फेब्रुवारी १९४८, प्रागच्या जुन्या चौकातली बाल्कनी, बर्फ पडतंय, गोटवाल्ड भाषण करतायत आणि शेजारी व्लादिमीर क्लेमेंटिस, जे पुढे परराष्ट्रमंत्री झाले. फोटो सगळीकडे छापला. १९५२मध्ये पक्षाचाच माजी सरचिटणीस स्लान्स्की याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १४ जणांवर देशद्रोहाचा आरोप, सगळे आयुष्यभराचे कम्युनिस्ट, ११ जणांना ३ डिसेंबरला फाशी, त्यात क्लेमेंटिस. त्यांची राख गावाबाहेरच्या निसरड्या रस्त्यावर टाकली. मग फोटोतूनही काढलं.

गंमत अशी की जुना फोटो हजारो घरांत, जुन्या अंकांत पडलेला होताच. सोव्हिएत युनियनमध्ये तर स्टालिनचा गुप्त पोलिसप्रमुख बेरिया सत्तेवरून पडल्यावर ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं पाठवली, बेरियाचं पान कापून काढा आणि त्या जागी बेरिंग समुद्राची माहिती चिकटवा म्हणून. घरोघरी ब्लेड घेऊन बसलेली मंडळी डोळ्यासमोर आणा.

प्रश्न : त्या काळचा एखादा जोक सांगा ना. (एक वाचक, बार्शी)

हा चेक नाही, रशियन आहे. श्वेत समुद्राचा कालवा कैद्यांकडून खणून घेतला होता, त्यावरचा. कालवा कुणी बांधला? उजवा काठ जोक सांगणाऱ्यांनी. आणि डावा? ऐकणाऱ्यांनी.

तुम्ही ऐकलात, आता तुम्ही डाव्या काठावर.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दोघं टूरबरोबर प्रागला चाललोय. अर्धा दिवस मोकळा आहे. यातलं काय बघता येईल? (एक वाचक, औरंगाबाद)

लेतनाला जा. जुन्या चौकातून चालत निघालात तर नदीवरचा पूल ओलांडला की समोर पायऱ्याच पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर काकूंना खाली कॉफीला बसवा. वर पुतळ्याचा दगडी चौथरा अजून आहे आणि १९९१पासून त्यावर एक मोठा लाल लोलक डावी-उजवीकडे हलत असतो. भोवती पोरं स्केटबोर्ड खेळत असतात. संध्याकाळी जा, सगळे पूल एका नजरेत दिसतात, आणि येताना त्या चौकातली गोटवाल्डची बाल्कनीही बघून घ्या, किन्स्की पॅलेस म्हणून विचारा.

चौथऱ्याच्या पोटात मोठाल्या खोल्या आहेत. १९९० साली काही तरुणांनी तिथून एक चोरटं रेडिओ स्टेशन चालवलं, नाव ठेवलं 'रेडिओ स्टालिन'. आणि पुतळा उडवल्यानंतर, रेडिओच्या आधी, एवढी जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून तिथे गोदाम केलं होतं. आंबेगावच्या शेतकरीदादांना सांगतो, त्यात बटाटे ठेवायचे.